रेघ तोडा

सोहारच्या बंदरामागे, तीन नंबरच्या शेडमध्ये,
दर दहा मिनिटांनी एक आकडा.
यंत्र वीतभर लांब, पाठीला मळका पट्टा,
काचेला कोपऱ्यात तडा गेलेला,
तिथलं बटण काडीने दोनदा टोचावं लागतं.
ओल्या फडक्यातला पारा जे म्हणेल ते मी भरतो,
आणि तळहातावरच, घामाने निसटत,
आलेख एक ठिपका पुढे सरकतो.

पोरं हसायची. आला बघा, उन्हाची हजेरी घेणारा.
मुखलेस सिल्हेटचा, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून
रोज तेच विचारायचा:
काय म्हणतंय, जगतो का आज?
मी म्हणायचो, अजून पिवळ्यात आहेस, तांबड्यात गेलास की सांगतो.

जालन्याला डोणगावकर बाई आलेख शिकवायच्या.
आधी अक्षांना नावं द्या. बिननावाची पोरं आणि बिननावाचे अक्ष
मी वर्गात घेत नाही.
आणि कोपऱ्यात प्रमाण लिहा, नाहीतर अर्धा मार्क गेला.
प्रमाण म्हणजे एका सेंटिमीटरला किती, एवढंच तेव्हा कळलं.
प्रमाण म्हणजे पुरावासुद्धा,
ते शब्दकोशात नंतर सापडलं. उपयोग झाला नाही.

त्या मंगळवारी अकरा दहाला बत्तीस पूर्णांक नऊ.
दुपारच्या सुट्टीला अजून तासाहून जास्त.
मुखलेस खाली बसला,
बुटाची नाडी बांधायला बसतात तसा, सावकाश,
आणि उठला नाही.

मी यंत्र केबलच्या रिळावर ठेवलं.
मग ताडपत्रीची चार टोकं.
मग मासळीच्या गाडीतला बर्फ, त्याला सुरमईचा वास.
खलफान इंजिनीयर, पांढराशुभ्र डिशडाशा,
गुडघ्यावर बसून बगलेत बर्फ धरत होता
आणि कुणालातरी फोनवर ओरडत होता.
एक बूट वाटेत पडला, तो कुणी उचलला आठवत नाही.
यंत्र रिळावर पडल्या पडल्या
दर दहा मिनिटांनी वाजत असणार.

बारा वीसला परत आलो.
तेहतीस पूर्णांक एक.
सहा आकडे नव्हतेच.
यंत्राला त्याचं काही वाटलं नाही.
त्याने बत्तीस-नऊ धरला, तेहतीस-एक धरला,
मधून एक रेघ ओढली,
सरळ, जराशी चढती,
जणू त्या सत्तर मिनिटांत फक्त ऊन थोडं वाढलं.

रात्री खोलीत, तिसऱ्या मेनूत, पर्याय सापडला:
ठिपके जोडा. रेघ तोडा.
मी तोडली.
खलफानने पडदा बघितला, बराच वेळ.
असू दे, म्हणाला.
मस्कतहून चार दिवसांनी उत्तर आलं:
अहवालात भोक दिसतं, कृपया दुरुस्त करा.
जोडली.
खोटं कशाला सांगू, दोन टोचण्यांचं काम,
तड्याच्या बाजूला असूनही.

मुखलेस जगला. मूत्रपिंडाचं काहीतरी राहिलं,
पंधरा दिवसांत त्याला तिकीट हातात दिलं.
परवा त्याचा आवाज आला फोनवर, मागे बदकं:
काय रे, काय म्हणतंय तुझं यंत्र?
मी त्याला त्या दिवसाचा आलेख पाठवला,
तुटलेला.

बराच वेळ काही नाही.
आडव्या अक्षाला नाव होतं, खाली वेळा होत्या,
त्याने एक एक घर मोजलं असणार.
मग म्हणाला,
सत्तर मिनिटं?
मला वाटलं, नाडी बांधायला बसलो होतो.